समुद्र नसलेल्या गावात समुद्राचा तास

प्रश्न : मुकुंदवाडीतल्या आमच्या शाळेच्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. किनाऱ्यावरची जीवसृष्टी कशी शिकवावी? – एक शिक्षिका

उत्तर : बाई, सुरुवात सुखना नदीपासूनच करा. तिचं पाणी दुधना, पूर्णा, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागराकडे जातं. मुलांना नकाशावर बोट फिरवू द्या. गोदावरीच्या मुखाशी, काकिनाड्याजवळ, कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे; मासे-कोळंबीची पिल्लं तिथे वाढतात. नाल्यात फेकलेली पिशवी पुरात कुठवर जाईल, यावर त्यांना भांडू द्या. (वाटेत धरणं आहेत, हेही सांगा, उगाच घाबरवू नका.)

मग वेळास. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात २००२पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखली जातात. सहल जमलीच तर मार्च-एप्रिलमध्ये न्या. रिकामे शंख मात्र गोळा करू देऊ नका, काही खेकड्यांचं तेच घर असतं.