विजापूर तीन तासांत होत नाही

महाराष्ट्रातून बदामी-हंपीला निघालेली गाडी सकाळी सोलापूर सोडते, अकरा-साडेअकराला विजापुरात गोल घुमटासमोर उभी राहते आणि दुपारचं जेवण उरकून पुढच्या रस्त्याला लागते. सोलापूरपासून अंतर शंभरेक किलोमीटर, वाटेत पडणारं गाव, मग वेगळा मुक्काम कशाला, असा सरळ हिशोब असतो. या हिशोबात दोन शतकं एका मोठ्या राज्याची राजधानी असलेलं शहर एका घुमटापुरतं उरतं आणि तो घुमटसुद्धा धड पाहून होत नाही. (१ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव विजयपुरा झालं आहे. आरक्षण करताना आणि नकाशात शोधताना तेच घालावं; सोलापूरकरांच्या तोंडी ते अजून विजापूरच आहे.)

आमच्या ओळखीतल्या ज्येष्ठांची सहलही अशीच आखली गेली होती. आखणी एका प्रवासी कंपनीची, कार्यक्रमपत्रिकेत एकच ओळ: ‘विजापूर दर्शन, तीन तास’. मे महिना, रविवार, माथ्यावर ऊन आणि घुमटाच्या दारात आधीच उभ्या असलेल्या पाच-सहा बस. बरोबरच्या माणसाने सगळ्यांना सांगितलं की वरच्या सज्जात गेल्याशिवाय गोल घुमट पाहिलाच नाही असं समजा, आणि मंडळी जिन्याकडे निघाली.

तो जिना आधी नीट समजून घ्यायला हवा. घुमटाच्या चारही कोपऱ्यांवर अष्टकोनी मनोरे आहेत, प्रत्येकी सात मजल्यांचे. जिना त्यांच्या पोटातून वर जातो. पायऱ्या उंच, वळणं अरुंद, उजेड कमी. आमच्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या एक काकू निम्म्याहून वर गेल्या आणि त्यांचा श्वास लागला. वरून शाळकरी मुलांचा घोळका उतरत होता, खालून माणसं चढत होती, मध्ये थांबायला जागा नव्हती. त्यांना हाताला धरून जवळच्या मजल्यावरच्या कमानीपाशी बसवलं. तिथे वारा येतो. अर्ध्या तासाने गर्दी ओसरल्यावर त्यांना सावकाश खाली आणलं. त्या सुखरूप उतरल्या, पण तो अर्धा तास सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. गुडघ्यांचं, हृदयाचं किंवा दम्याचं दुखणं असलेल्यांनी हा जिना चढू नये. आणि मुख्य म्हणजे, न चढल्याने आपलं काही हुकलं असं त्यांनी मनात आणू नये, कारण या इमारतीचा खरा चमत्कार खाली उभं राहूनच दिसतो.

मुहम्मद आदिलशहाने आपल्या हयातीतच बांधायला घेतलेली ही कबर. तो १६५६ साली वारला. बांधकाम करणारा म्हणून याकूत या दाभोळच्या माणसाचं नाव सांगितलं जातं. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलं दाभोळ तेव्हा आदिलशाहीचं मोठं बंदर होतं. आत गेल्यावर चौथऱ्यावर जिथे कबरी दिसतात तिथे उभं राहून मान वर करावी. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे आणि खाली एकही खांब नाही. चौकोनी दालनावर वर्तुळाकार घुमट बसवायचा म्हणजे कोपऱ्यांचं काय करायचं, हा जगभरच्या बांधकाम करणाऱ्यांपुढचा जुना पेच. इथे त्याचं उत्तर एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींनी दिलं आहे. दोन चौकोन एकमेकांवर तिरपे ठेवावेत तशी त्यांची रचना आहे. त्या छेदांमुळे चौकोनाचा अष्टकोन होतो, अष्टकोनाचं वर्तुळ होतं आणि घुमटाचा भार भिंतींवर सरळ उतरतो. हे उकलायला दहा मिनिटं शांतपणे वर बघत राहावं लागतं. चौथऱ्यावरच्या कबरी केवळ खुणेच्या आहेत. मुहम्मद, त्याच्या बेगमा आणि त्याची आवडती नर्तकी रंभा यांची खरी दफनं खाली तळघरात आहेत.

वरच्या सज्जाची गंमत आवाजाची आहे. भिंतीला तोंड लावून हळू बोललेलं वक्र भिंतीच्या कडेकडेने प्रवास करत समोरच्या बाजूला कानाला ऐकू येतं, आणि एका टाळीचे अनेक प्रतिध्वनी येतात. पण ते तेव्हाच, जेव्हा बाकी कुणी बोलत नसतं. आम्ही गेलो तेव्हा शंभरेक मुलं एकाच वेळी किंचाळत होती आणि त्यांचे शिक्षक त्यांना आणखी जोराने ओरडायला सांगत होते. ज्याला खरोखर ऐकायचं आहे त्याने सकाळी दार उघडताच आत शिरावं. आणि वर पोचल्यावर ओरडू नये, कुजबुजावं. शाळेच्या सहली नेणाऱ्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: मुलांना दोन-दोनच्या जोडीने समोरासमोर उभं करा आणि बाकीच्यांना गप्प बसवा. आवाजाच्या परावर्तनाचा जो धडा पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही तो तिथे एका मिनिटात कळतो.

घुमट समजावून सांगणारे बहुतेक लोक एक वाक्य हमखास म्हणतात: हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा घुमट. हे खरं नाही. रोमचं पँथिऑन, फ्लॉरेन्सचं कॅथीड्रल आणि सेंट पीटर्स, या तिन्हींचे घुमट आतून याहून रुंद आहेत आणि तिन्ही याच्या आधीचे आहेत. गोल घुमटाला असल्या क्रमांकाची गरजही नाही. त्या आठ कमानींची युक्ती एवढ्या मोठ्या मापात वापरण्याचं धाडस करणं, हीच त्याची थोरवी.

इथून एक सवय लावून घ्यावी. काहीही ऐकलं की विचारावं, हे कुठे लिहिलं आहे? विजापुरात दगडावर आणि धातूवर लिहिलेलं पुष्कळ आहे. गोल घुमटाच्या दक्षिण दारावर मुहम्मदच्या मृत्यूचं साल सांगणारा फारसी लेख आहे. इब्राहीम रोज्यावर तो बांधणाऱ्या मलिक संदल याचं नाव आहे. मलिक-ए-मैदान तोफेवर ती ओतणाऱ्याचं नाव आणि साल आहे. याउलट शहराबाहेरच्या ‘साठ कबर’ या जागेची कथा तशी नाही. अफझलखानाने प्रतापगडाच्या मोहिमेवर निघण्याआधी आपल्या साठेक बायकांना मारलं आणि त्यांच्या या कबरी, असं तिथे रंगवून सांगतात. ओळीने मांडलेल्या कबरी खऱ्या आहेत. त्यांच्यामागची हकिकत ही दंतकथा आहे. महाराष्ट्रातून आलेल्यांना ती मोठ्या हौसेने ऐकवली जाते, म्हणून मुद्दाम सांगितलं. ज्यांना आधी वाचून जायचं आहे त्यांच्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांचा १९१६ साली प्रसिद्ध झालेला विजापूरच्या वास्तूंवरचा ग्रंथ आजही भरवशाचा आहे.

मलिक-ए-मैदान पाहताना मराठी माणसाने जरा जास्त वेळ थांबावं. ही तोफ विजापूरची नाही. १५४९ साली अहमदनगरात, निजामशाहीत, मुहम्मद बिन हसन रूमी याने ती ओतली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि तिथून आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने ती विजापुरात आणली. लांबी साडेचार मीटरच्या आसपास, तोंडाला हत्तीला गिळणाऱ्या सिंहासारख्या पशूचा जबडा. इंग्रजी अमदानीत १८५४ साली ती भंगार म्हणून लिलावात निघाली होती आणि बोली लागली १५० रुपयांची. सुदैवाने विक्री रद्द झाली. त्या तोफेवर चढून फोटो काढणारे आजही दिसतात. लेखाची अक्षरं हातांच्या आणि बुटांच्या घासण्याने झिजतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवावं.

तोफेच्या जवळच उपली बुरूज आहे. १५८४ सालचा, हैदरखानाने बांधलेला, बाहेरून वळसे घेत जाणाऱ्या जिन्याचा. वर माथ्यावर नऊ मीटरहून लांब तोफ ठेवली आहे. पण तिथे जायचं ते शहर पाहायला. तटाची रेघ, गोल घुमटाचा प्रचंड आकार, पश्चिमेला इब्राहीम रोज्याचे नाजूक मिनार, सगळं एका जागेवरून ध्यानात येतं. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी विजापूर पाहायला इथूनच सुरुवात केली तरी चालेल.

आणि इब्राहीम रोजा. आमच्या तीन तासांत त्याला वीस मिनिटं मिळाली. माझ्या मते तो विजापूरचा सर्वांत सुंदर भाग आहे. ही कबर दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाची; तो १६२७ साली वारला. संगीताचा वेडा राजा. ‘किताब-ए-नवरस’ हा त्याचा दखनीतला गीतसंग्रह; त्यात तो सरस्वतीला आणि गणपतीला वंदन करतो. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. एकाच उंच चौथऱ्यावर पूर्वेला कबर, पश्चिमेला मशीद आणि दोन्हींच्या मध्ये हौद, अशी इथली मांडणी आहे. कबरीच्या खिडक्यांना जाळी म्हणून अरबी अक्षरंच कोरली आहेत, त्यामुळे आत येणारा उजेड अक्षरांमधून गाळून येतो. आतल्या दालनाचं छत पाहावं: मधला भाग सपाट, दगडाचा, आणि खाली आधार दिसत नाही. चुन्याच्या पक्क्या सांध्यांवर दगड एकमेकांना धरून आहेत. गोल घुमट बांधला गेला त्याच्या जेमतेम पिढीभर आधीचं हे काम. एकाच घराण्याने इतक्या थोड्या काळात इतक्या वेगळ्या चवीच्या दोन इमारती उभ्या कराव्यात, हे पाहिलं की त्या दरबाराची श्रीमंती कळते. दुपार उलटल्यावर, ऊन तिरपं झालं की इथे यावं आणि तासभर तरी बसावं.

चपलांचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो मोठा आहे. कबरी आणि मशिदींत पादत्राणं बाहेर काढावी लागतात, आणि विजापूरचा काळा दगड उन्हाळ्याच्या दुपारी तव्यासारखा तापतो. आमच्यातल्या दोघांच्या पायांना फोड आले. पिशवीत जाड मोजे ठेवावेत. त्याहून चांगलं म्हणजे मार्च ते मे हे महिने टाळून ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जावं. जामी मशीद ही रोजच्या नमाजाची जागा आहे. अंगभर कपडे घालून, नमाजाच्या वेळा सोडून जावं. पहिल्या अली आदिलशहाने ती बांधायला घेतली आणि १६३६ साली मुहम्मदने मिहराब सोन्याच्या व रंगांच्या कामाने मढवला. तो पाहायला शुक्रवारची दुपार सोडून कधीही जा. शुक्रवार आणखी एका कारणाने टाळावा: गोल घुमटासमोरच्या जुन्या नगारखान्यातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय त्या दिवशी बंद असतं. शिलालेख, शस्त्रं, गालिचे, चिनी मातीची भांडी असा ऐवज तिथे आहे, शिवाय ज्यांना जिना चढायचा नाही त्यांना बसायला सावली.

जामी मशिदीहून बालेकिल्ल्याकडे जाताना वाटेत मेहतर महाल लागतो. बस तिथे थांबत नाही. खरं तर तो एका लहानशा मशिदीचा दरवाजा, पण त्याच्या सज्जाखालचे दगडी तीर लाकडाच्या कोरीवकामासारखे बारीक आहेत. ताज बावडीही अशीच राहून जाते. १६२० साली मलिक संदलने बांधलेली ही प्रचंड विहीर. अलीकडच्या काळात तिच्यातला गाळ उपसून ती स्वच्छ केली आहे. तोरवीहून भुयारी मार्गाने आणि बेगम तलावातून खापरी नळांनी या कोरड्या मुलखातल्या शहराला पाणी आणलं होतं, आणि दाबाने नळ फुटू नयेत म्हणून मध्ये उंच दगडी बुरुजांवर पाणी चढवून सोडत. ते चौकोनी बुरूज शहरात अजून दिसतात. रिक्षावाल्याला ‘गंज’ म्हटलं तर तो दाखवतो. घुमट बांधणाऱ्यांइतकंच कौतुक या पाणक्यांचं व्हायला हवं.

थोडक्यात, एक मुक्काम करावा. सकाळी उघडताच गोल घुमट, मग संग्रहालय, जामी मशीद आणि मेहतर महाल. दुपारी एखाद्या खानावळीत ज्वारीची भाकरी, एण्णेगाई (भरली वांगी) आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन विश्रांती. चारनंतर उपली बुरूज, मलिक-ए-मैदान, ताज बावडी आणि शेवटी इब्राहीम रोजा. दुसऱ्या दिवशी सकाळी गगन महाल आणि बारा कमान. गगन महालात १६८६ साली सिकंदर आदिलशहाने औरंगजेबापुढे शरणागती पत्करली असं सांगतात. बारा कमान म्हणजे दुसऱ्या अलीची अर्धवट राहिलेली कबर. याच अलीच्या दरबाराने १६५९ साली अफझलखानाला शिवाजी महाराजांवर पाठवलं होतं, आणि शहाजीराजे १६३६ पासून याच आदिलशाहीच्या चाकरीत होते. हे दोन्ही धागे मुलांना आधी सांगून नेलं तर त्या उघड्या कमानींपुढे ती कंटाळत नाहीत. तिथून दहाच्या सुमाराला निघालं तरी बदामीला दुपारी पोचता येतं, आणि तिथली लेणी उन्हं उतरल्यावर निवांत पाहता येतात.