आयसीयू ते घर : मधल्या पायऱ्या

सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा आम्ही पुण्यातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात वेळेत पोहोचलो. कॅज्युअल्टीत लगेच सीटी स्कॅन झाला, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळाले. हे इंजेक्शन साधारणपणे झटक्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात. म्हणून तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळू लागले, तर ‘थोडे पडू द्या, बरे वाटेल’ असे कृपा करून म्हणू नका. उपचारांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढचे काहीच कुणी समजावून न सांगितल्याची.

आयसीयूतून त्यांना एचडीयूत (हाय डिपेंडन्सी युनिटमध्ये) हलवले आणि घरात धास्ती पसरली. “पैसे कमी पडले म्हणून बाहेर काढलं का गं?” सासूबाईंनी विचारले. खरे तर ती चांगली बातमी होती. ज्यांचा श्वास व्हेंटिलेटरवर चालतो, ज्यांचा रक्तदाब औषधांनी धरून ठेवावा लागतो, त्यांची जागा आयसीयूत. यंत्राच्या आधाराची गरज संपली, पण मॉनिटरवर नजर हवी, अशांसाठी एचडीयू. वॉर्डात नाडी, बीपी ठरावीक वेळानेच पाहतात. खाट बदलते ती रुग्णाची गरज बदलली म्हणून, आणि तशीच ती बदलायला हवी. राउंडला येणाऱ्या डॉक्टरांना रोज एवढेच विचारा : रुग्ण आज इथे कशासाठी आहे आणि काय सुधारले की पुढे हलवाल? हे विचारणे उद्धटपणा नव्हे. नातेवाईक नको म्हणत असतील तर अत्यवस्थ रुग्णालाही आयसीयूत घेऊ नये, असे केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात.

एचडीयूतून हलवताना वॉर्डात जागा नाही, सिंगल रूम घ्या, असे आम्हाला सांगण्यात आले. सही करण्याआधी पॉलिसीतली खोलीभाड्याची मर्यादा पाहा. मर्यादा रोजची ५,००० रुपये आणि खोली १०,००० ची, तर कंपनी फक्त भाड्यातला फरक कापून थांबत नाही. अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च हेही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे होतात. औषधे, तपासण्या आणि आयसीयूचा खर्च या कपातीतून वगळलेला आहे. रुग्णालयातल्या टीपीए (विम्याच्या) डेस्कवर हे आधीच विचारून घ्यावे. विमा नसेल तर समाजसेवा अधीक्षकांना गाठा : महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात.

सगळ्यात कठीण गेला तो डिस्चार्ज. रुग्ण चालू लागेपर्यंत इथेच ठेवतील, असे घरात सगळे धरून चालले होते. पण अशा रुग्णालयाचे काम जिवावरचा धोका टाळण्याचे. हातापायांत बळ यायला महिने लागतात आणि ते बहुतेक घरीच किंवा पुनर्वसन केंद्रात येते. सकाळी ‘आज घरी न्या’ म्हणाले, तेव्हा सासऱ्यांना नाकातून नळी होती, लघवीची पिशवी होती आणि आम्हाला त्यातले काही येत नव्हते.

वॉर्डातल्या एका वयस्क सिस्टरनी मला बाजूला घेऊन शिकवले. नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू उंच हवी आणि नंतर निदान अर्धा तास तसेच बसवून ठेवायचे, नाहीतर अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय चमचाभर पाणीही तोंडाने द्यायचे नाही. घाईतल्या दहा मिनिटांचे ते शिक्षण कागदावर कुठेच नव्हते. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही, पण एवढी मोठी गोष्ट कुणाच्या चांगुलपणावर सोडून चालत नाही.

तुमचा माणूस वॉर्डात आला की त्याच दिवशी सिस्टरना आणि फिजिओथेरपिस्टना सांगा, ‘आम्हाला शिकवा.’ नळी, पिशवी, कूस, व्यायाम हे सगळे त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने करून बघा. घरी कोण थांबणार, पलंग कुठून आणायचा, रात्री फोन कुणाला करायचा, हे ठरल्याशिवाय डिस्चार्जच्या कागदावर सही करू नका.