दत्तक बालकाचे पूर्ववृत्त : कोणी जाणावे, कोणी जपावे?

दत्तक बालक घरात येते ते आपल्या पूर्वायुष्यासह. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या मनात एखादा चेहरा, एखादी भीती आधीच घर करून असते. त्याला पुन्हा विश्वासाने वाढवावयाचे, तर हे पूर्ववृत्त पालकांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

बाल न्याय अधिनियम, २०१५ आणि दत्तक विनियम, २०२२ यांनी याची तरतूद केली आहे. इच्छुक पालकांस बालकाच्या छायाचित्राबरोबर बाल अभ्यास अहवाल व वैद्यकीय तपासणी अहवाल दाखविले जातात. वैद्यकीय अहवाल पालक आपल्या पसंतीच्या डॉक्टरांकडून पडताळून घेऊ शकतात. दोन्ही अहवाल नीट समजून घेतल्यावरच स्वीकृतीची स्वाक्षरी करावी. २०२४ च्या फॉस्टर केअर मार्गदर्शक तत्त्वांनुसार, दोन वर्षे सांभाळलेल्या बालकास तेच कुटुंब पुढे दत्तक घेऊ शकते. अशा कुटुंबास बालकाचा स्वभाव प्रत्यक्ष सहवासातून कळलेला असतो. तरीही त्यामागील कारणे अहवालातूनच उमगतात.

मात्र पालकांनी जाणावयाचे ते गावाने जाणावयाचे नाही. खेड तालुक्यातील एखाद्या वाडीत नवे मूल दिसले की "हे कोणाचे?" असे सहज विचारले जाते. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसले, तरी उत्तर मुलाच्या कानी पडते. अधिनियमाच्या कलम ७४ अन्वये अशा बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई असून, त्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पंचायत सदस्यांनी ही चर्चा चावडीवर येऊ देऊ नये. शिक्षकांनी 'माझे कुटुंब' हा निबंध देताना जन्माच्या आठवणी सांगण्याचा आग्रह धरू नये.

मुलापासून मात्र सत्य लपवू नये. त्याच्या वयाला पेलेल अशा शब्दांत, लहानपणापासून थोडे थोडे सांगावे. आपल्या मुळांचा शोध घेण्याची मुभा विनियमांनी दत्तक व्यक्तीस दिली आहे. अठरा वर्षांखालील बालकाने तो अर्ज दत्तक पालकांसह संयुक्तपणे करावयाचा असतो. त्रयस्थास मात्र असा शोध घेता येत नाही.

शंका असल्यास रत्नागिरी येथील जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा सल्ला घ्यावा. पूर्ववृत्त ही त्या बालकाची ठेव आहे, आणि पालक हे तिचे विश्वस्त. आपण दत्तक आहोत हे मुलास शाळेच्या वाटेवर एखाद्या सवंगड्याकडून कळू नये. ते घरातच, आईवडिलांच्या तोंडून कळावे.