पोहता येतं, म्हणून वाचाल असं नाही

‘पाण्यात पडलं तर लागत नाही,’ असं स्कायडायव्हिंगवाले म्हणाले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. 27 ऑगस्ट 1967 ला अमेरिकेत एरी सरोवरावर 18 जणांनी ढगांवरून उड्या मारल्या. खाली जमीन आहे अशी त्यांची समजूत होती, कारण रडारवर दुसरंच विमान त्यांचं समजून नियंत्रकाने जागा सांगितली होती. 16 जण बुडाले. जिवावर बेततं ते पट्ट्यांत जखडलेलं अंग, पायांत गुंतणाऱ्या दोऱ्या आणि डोक्यावर पसरलेलं ओलं कापड यांमुळे. हातपायच मोकळे नसतील तर पट्टीचा पोहणारा तरी काय करणार?

यावर ठरलेलं उत्तर येतं: पॅराशूट वळवता येतं, तळं टाळता येतं. वारा फिरला किंवा पॅराशूट उशिरा उघडलं की निवड उरत नाही. अमेरिकी पॅराशूट संघटना बुडण्याजोग्या पाण्यापासून 1 मैलाच्या आत उडी असेल तर तरंगण्याचं साधन अंगावर घ्यायला सांगते. नवेगाव बांध, इटियाडोह आणि गावोगावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या गोंदिया जिल्ह्यात हा नियम लावला तर सुटणारी जागा सहजी सापडायची नाही. ‘आमचे तलाव उथळ,’ हेही समर्थन लंगडं आहे. गाळ आणि शिंगाड्याचे वेल यांत दोऱ्या अडकल्या तर कमरेएवढं पाणीही पुरतं. शिवाय पाण्यावरून गेलेल्या तारा वरून दिसत नाहीत. एप्रिल 2017 मध्ये गोंदियाच्याच बिरसी विमानतळावरून उडालेलं प्रशिक्षण विमान वैनगंगेवरच्या तारेला धडकून नदीत कोसळलं. त्यातले दोघंही गेले.

म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: तरंगण्याचं जॅकेट देणार का, काठावर नाव तयार आहे का? उत्तरात नुसतं हसू आलं तर उठून या. पाणी अटळ दिसलं तर जॅकेट फुगवा, छातीचा पट्टा सोडा, तोंड वाऱ्याकडे करा. पाय भिजेपर्यंत पॅराशूट तोडू नका. संथ पाण्यावरून उंचीचा अंदाज हमखास चुकतो. पाण्यात शिरताना श्वास भरून घ्या, पट्ट्यांतून अंग पुढे काढा. कापड डोक्यावर आलं तर एकच शिवण धरून कडेपर्यंत सरका. घाबरू नका, हे सांगणं सोपं असतं. पण हा सराव आधी तलावात करून घेतलेला माणूसच शांत राहू शकतो. तो सराव करवून घेणं आयोजकाचं कर्तव्य आहे आणि तो न करवता उडी विकणाऱ्याला परवानगीच मिळू नये.