आता या वयात कायले, जी?

चाळिशी उलटलेल्या माणसाने चहाच्या टपरीवर ‘काहीतरी शिकायचं म्हणतो’ असं म्हणून पाहावं. वडशात त्याला हमखास ऐकायला मिळतं, ‘आता या वयात कायले, जी?’ विचारणारा थट्टा करत असतो, पण त्याचा प्रश्न अगदी बरोबर आहे. ज्यांना त्याचं उत्तर देता येत नाही त्यांची शिकण्याची हौस होळीच्या आत विझते. मोबाइलवर पैसे भरून घेतलेला एक कोर्स माझ्याकडेही पडून आहे. तिसऱ्या पाठाच्या पुढे मी गेलो नाही, कारण तो कशासाठी घेतला हेच मला सांगता आलं नसतं.

म्हणून सुरुवात ‘कायले’पासूनच करा. एक वही घ्या आणि पहिल्या पानावर एक प्रश्न लिहा. विषय लिहू नका. ‘शेती’ हा विषय झाला. ‘माझ्या खालच्या बांधीतलं धान दरवर्षी का लोळतं?’ हा प्रश्न झाला. ‘आरोग्य’ हा विषय. ‘आईची साखर सणावाराच्या दिवसांतच का वाढते?’ हा प्रश्न. उत्तर मिळालं की घरात, बांधीत किंवा दुकानात काहीतरी बदलायला हवं. तसं काहीच बदलणार नसेल तर तो प्रश्न खोडा आणि दुसरा लिहा. या एका पानाला पंधरा दिवस लागले तरी चालतील.

एवढ्या साध्या प्रश्नाने काय होतं, हे पाहायला लांब जावं लागत नाही. वडशाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की वाटेत नागभीड लागतं. त्या तालुक्यातल्या नांदेड गावात दादाजी खोब्रागडे राहत. शाळा तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. 1983 साली त्यांना आपल्या पटेल-3 धानात पिवळसर दाण्यांच्या वेगळ्या लोंब्या दिसल्या. धान पिकवणाऱ्या प्रत्येकाला अशी लोंबी कधी ना कधी दिसते आणि ती बाकीच्या धानाबरोबर पुंजण्यात जाते. दादाजींनी ती बाजूला काढून जपली. पुढच्या हंगामात शेताच्या मधोमध वेगळी लावली आणि रानडुकरं शिरू नयेत म्हणून भोवती काट्या रोवल्या. पुन्हा निवडलं, पुन्हा लावलं. काही वर्षांनी जो बारीक तांदूळ हाती आला, त्याला बाजारात त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळाचं नाव पडलं, एचएमटी. आज तुमच्या-माझ्या घरात तो शिजतो. पुढे त्यांनी आणखीही वाण काढले. 2018 साली ते गेले. श्रेय त्यांच्याकडे उशिरा आलं आणि पैसा जवळपास आलाच नाही, याची लाज आपल्याला वाटायला हवी.

त्यांच्याकडून उचलायची ती पद्धत. वहीत चार रकाने आखा: तारीख, काय दिसलं, मी काय वेगळं केलं, पुढे काय झालं. चौथा रकाना बरेच दिवस रिकामा राहील, राहू द्या. रोज लिहायचा हट्ट नको. आठवडी बाजाराचा दिवस ठरवा, पिशवी घरात ठेवली की दहा मिनिटं लिहा.

आता वेळेचं. ‘रोज पहाटे एक तास’ हा सल्ला ज्याने दिला त्याने रोवणी केलेली नसावी. आपल्या भागात पऱ्हे टाकल्यापासून रोवणी आटोपेपर्यंत पाठ सरळ होत नाही. मग कापणी, बांधणी, पुंजणे, मळणी. मार्चमध्ये मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता. या रहाटगाडग्यात खरी फट एकच, धान घरात आल्यापासून मोह पडायला लागेपर्यंत. त्याच फटीत आपल्या मंडया भरतात आणि नाटकं होतात. ती कोणी सरकारी वेळापत्रकाने ठरवलेली नाहीत, धानाने ठरवलेली आहेत. तुमचं वाचन, वर्ग, प्रवास, भेटीगाठी त्या दहा-बारा आठवड्यांत बसवा. उरलेल्या वर्षात फक्त पाहायचं आणि चार रकाने भरायचे. दुकानदारांनी लग्नसराई सोडून, शिक्षकांनी परीक्षा सोडून अशीच आपापली फट शोधावी.

पुढची पायरी सगळ्यांत महत्त्वाची आणि तिथेच बहुतेक जण चुकतात. एकट्याने शिकू नका. याचं उदाहरण आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव आहे. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावाने, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या मित्रांच्या सोबतीने, ‘अभ्यास गट’ नावाची गोष्ट रुजवली. एखाद्या विषयात रस असलेले लोक एकत्र बसतात, कागद वाचतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावून शंका विचारतात. निर्णय मात्र तिथे होत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो, तोही सर्वसहमतीने. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. जिथे निर्णय घ्यायचा नसतो तिथे माणूस जिंकायला बसत नाही, ‘मला हे समजलं नाही’ असं म्हणू शकतो. आपल्या बऱ्याच बैठका या एका वाक्यावाचून फुकट जातात.

अशा अभ्यासाने काय हाती येतं, ते मधाचंच पाहा. मोहोळाला आग लावून, धूर करून मध काढायची जुनी रीत. त्यात माश्या मरतात, अंडी-पिल्लांसकट पोळं पिळलं जातं आणि पुढच्या वेळी तिथे काही उरत नाही. मेंढ्याच्या लोकांनी पोळं समजून घेतलं. मध साठवलेला भाग कुठला, पिल्लांचा कुठला, हे कळल्यावर मधाचा भाग तेवढा कापून बाकीचं पोळं राखता येतं. कायद्याचंही तसंच. वनहक्क कायदा त्यांनी स्वतः वाचून घेतला आणि 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. 2011 पासून गाव आपला बांबू स्वतः विकू लागलं. यातल्या कितीतरी लोकांना शाळा फारशी लाभली नव्हती.

तुमचा गट चार-पाच जणांचा पुरे. पंधरवड्यातून एकदा बसा, पारावर नाहीतर कोणाच्या पडवीत. एक जण वाचेल, एक जण टिपणं लिहील आणि दर वेळी माणसं बदला. बायकांना बसता येईल अशी वेळ धरा. स्वयंपाकाच्या वेळी ठेवलेली बैठक म्हणजे त्यांना न बोलावण्यासारखंच. जाणकार बोलवायचा तर आधी तीन प्रश्न लिहून पाठवा, म्हणजे तो भाषण करणार नाही. कृषी सहायक, आशाताई, निवृत्त वनपाल, जुना सुतार हे सगळे जाणकारच. झाडाला तुमची आजी काय म्हणते तेही लिहून ठेवा. मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकाऱ्याने पक्ष्यांची आणि झाडांची कितीतरी नावं अशीच, जंगलातल्या माणसांपाशी बसून गोळा केली.

ज्यांना प्रमाणपत्र हवं, त्यांनी त्याला कमी लेखू नये. नोकरीत, बढतीत, कधीकधी घरातल्या मानातही ते लागतं. दहावी-बारावी बाहेरून द्यायची तर फॉर्म नंबर 17 भरावा लागतो. त्याची मुदत दरवर्षी जाहीर होते, जवळच्या माध्यमिक शाळेत वेळेवर विचारा. पदवीसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, 1989 पासून ते नोकरी-शेती सांभाळणाऱ्यांसाठीच चालतं. नियमित शिक्षणासाठी 2011 पासून गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ आहे. घरात कोणाला अक्षरओळख नसेल तर पंधरा वर्षांवरच्यांसाठी ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रम आहे, आणि तिथे शिकवायला स्वयंसेवकही लागतात. सासूला सही शिकवणारी सून दोन महिन्यांत स्वतः किती शिकते, हे तिलाच विचारा.

शेवटी जे शिकलात ते चार लोकांपुढे मांडा. आपल्या भागात याची सोय आयती आहे. झाडीपट्टीतला माणूस दिवसा धुऱ्यावर आणि रात्री रंगमंचावर उभा राहत आलेला आहे. कुरखेडा तालुक्यातले परशुराम खुणे पाच हजारांवर प्रयोगांत उभे राहिले, 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मंडईच्या दिवशी, नाहीतर ग्रामसभेनंतर दहा मिनिटं मागून घ्या. काय विचारलं होतं, काय केलं, काय फसलं, एवढंच सांगा. फसलेलं नक्की सांगा, लोक तेच नीट ऐकतात. वहीत पाहून बोलायला लाजू नका. आपल्या नाटकांत विंगेत वही धरून प्रॉम्प्टर बसतोच.

वही आजच घ्या. पहिल्या पानावरचा प्रश्न लिहून झाला की टपरीवरच्या त्या ‘कायले’ विचारणाऱ्याला वाचून दाखवा आणि पहिल्या बैठकीला त्यालाच बोलवा.