जुन्या शत्रूचें पुनरागमन
(‘डालेक’ या दूरचित्रवाणी-कथेचा अभ्यास)

नवी गोष्ट रचणें एक वेळ सोपें. परंतु एकदां सांगून झालेल्या गोष्टींतील खलपुरुष पुन्हां रंगभूमीवर आणणें फार अवघड असतें. आपल्या पुराणकारांनाही ही अडचण ठाऊक असावी. जय व विजय या द्वारपालांना त्यांनीं तीन वेळां शत्रुरूपानें जन्मास घातलें. पण प्रत्येक वेळीं नांव निराळें दिलें आणि रूपही निराळें दिलें. याचें कारण उघड आहे. ज्या शत्रूचा पराभव आपण डोळ्यांनीं पाहिला, त्याचें भय मनांत फारसें उरत नाहीं. आणि ज्यानें त्यास पूर्वीं कधीं पाहिलेंच नाहीं, त्याला त्या जुन्या नांवाचें महत्त्व तें काय? जाणत्यास कंटाळा आणि नेणत्यास अनास्था, अशा दुहेरी पेचांतून लेखकाला वाट काढावी लागते. ती वाट उत्तम रीतीनें कशी काढतां येते, हें समजून घेण्यासाठीं आपण ब्रिटनमधील एका विज्ञानकथेचा विचार करूं.

बी. बी. सी. या संस्थेनें ता. २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं ‘डॉक्टर हू’ नांवाची मालिका दूरचित्रवाणीवर सुरू केली. तिच्या पहिल्या कथेचें दिग्दर्शन भारतांत जन्मलेल्या वारिस हुसेन या तरुणानें केलें होतें. मालिकेचा नायक ‘डॉक्टर’ हा परग्रहावरील एक प्रवासी होय. ‘टार्डिस’ हें त्याचें यान बाहेरून पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-खोक्यासारखें दिसतें, पण आंतून तें अतिविशाल असतें. त्यांतून तो स्थळ व काळ या दोहोंत संचार करितो. मरणाच्या दारीं पोंचला म्हणजे त्यास नवें शरीर प्राप्त होतें, आणि त्यामुळें नट बदलला तरी नायक तोच राहतो.

या नायकाचे सर्वांत प्रसिद्ध वैरी म्हणजे डालेक. टेरी नेशन या वेल्समधील लेखकानें त्यांची कल्पना केली, व रेमंड क्युझिक या कलावंतानें त्यांस आकार दिला. ता. २१ डिसेंबर १९६३ च्या भागाच्या अखेरीस एक बाई भिंतीला टेकून भयभीत झालेली दिसते आणि तिच्याकडे सरकणारा एक यांत्रिक हात तेवढा दिसतो. संपूर्ण आकृति प्रेक्षकांना पुढील आठवड्यांत पाहावयास मिळाली. डालेक म्हणजे केवळ यंत्र नव्हे. धातूच्या कवचांत बसलेला तो एक विकृत, दुर्बल, पण अतिशय बुद्धिमान जीव आहे. कवचाला पाय नाहींत. तें जमिनीवरून घसरत चालतें. एका दांड्याच्या टोकाला डोळा, एका बाजूस शस्त्र, आणि दुसऱ्या बाजूस मोरी तुंबली असतां वापरतात तशा रबरी पंपासारखा हात, असें त्याचें रूप आहे. नेशनचें बालपण दुसऱ्या महायुद्धाच्या छायेंत गेलें होतें, आणि डालेकांच्या स्वभावांत नाझी विचारसरणीची छाया स्पष्ट दिसते. आपलीच जाति शुद्ध, बाकी सर्व जीव नष्ट करण्यायोग्य, एवढाच त्यांचा धर्म. दया, शंका, पश्चात्ताप या गोष्टी त्यांना ठाऊक नाहींत.

अशा या शत्रूची पुढें काय दशा झाली? तो लोकप्रिय झाला, आणि लोकप्रियतेनेंच त्याचें भय मारलें. त्याचीं खेळणीं निघालीं, व्यंगचित्रें निघालीं. सबंध विश्व जिंकावयास निघालेला हा वीर साधा जिना चढूं शकत नाहीं, हा विनोद घरोघर रूढ झाला. १९८८ सालच्या एका कथेंत डालेक जिना चढतांना दाखविला, तरी लोकांचें हंसणें थांबलें नाहीं. १९८९ च्या डिसेंबरांत मालिकाच बंद पडली. मधल्या काळांत १९९६ चा एक चित्रपट सोडला, तर दूरचित्रवाणीवर नवी कथा आली नाहीं. रसेल टी. डेव्हिस यांच्या सूत्रचालनाखालीं ता. २६ मार्च २००५ रोजीं ती पुन्हां सुरू झाली, तेव्हां प्रेक्षकांत दोन पिढ्या होत्या. आईबाप डालेकाला हंसत होते, आणि मुलांनीं त्याला मालिकेंत कधीं पाहिलेंच नव्हतें. आरंभीं सांगितलेला दुहेरी पेच तो हाच.

या पेचाचें उत्तर रॉबर्ट शेअरमन या लेखकानें ता. ३० एप्रिल २००५ रोजीं प्रसारित झालेल्या ‘डालेक’ या सहाव्या भागांत दिलें. २००३ सालीं त्यानें एका ध्वनिनाट्यांत बंदिवान डालेकाची कल्पना योजिली होती. तिचाच हा नवा विस्तार. मध्यंतरीं नेशनच्या वारसांशीं हक्कांविषयींची बोलणीं फिसकटलीं, आणि त्याला डालेकाऐवजीं दुसराच प्राणी घालून एक मसुदा लिहावा लागला. पुढें समेट झाला व डालेक परत आला. हें बरेंच झालें. कारण या कथेचें मर्म जुन्या वैराच्या आठवणींत आहे, आणि अनोळखी प्राण्याशीं जुनें वैर असूं शकत नाहीं.

कथा थोडक्यांत अशी. एका संकट-संदेशाच्या ओढीनें डॉक्टर व त्याची तरुण सोबतीण रोझ हीं अमेरिकेंतील युटा संस्थानांत जमिनीखालीं असलेल्या एका खाजगी संग्रहालयांत येतात. कथेंतील साल २०१२ आहे. व्हॅन स्टॅटन नांवाच्या धनाढ्य गृहस्थानें परग्रहांवरील वस्तु तेथें जमविल्या आहेत. त्याच्या संग्रहांतील एकमेव जिवंत वस्तु सांखळदंडांत बांधली आहे. ती बोलत नाहीं, म्हणून तिला बोलतें करण्यासाठीं तिचे हाल चालले आहेत. तिची किंकाळी आपणांस ऐकूं येते. डॉक्टर मदत करण्याच्या हेतूनें त्या अंधाऱ्या कोठडींत शिरतो, धीर देणारे शब्द बोलतो, आणि अंधारांतून उत्तर येतें. तो आवाज ऐकतांच विश्वांतील मोठमोठ्या संकटांना न डगमगणारा हा पुरुष दाराकडे धांवतो व तें उघडण्याविषयीं आक्रोश करूं लागतो.

येथें लेखकाची पहिली युक्ति दिसते. डालेक किती भयंकर आहे, हें त्यानें वर्णन करून सांगितलें नाहीं. डॉक्टरचें भय दाखविलें. ज्या मुलानें डालेकाचें नांवही ऐकलें नव्हतें, त्यालाही त्या क्षणीं कळलें कीं हें कांहीं तरी महाभयंकर आहे. शत्रूची उंची मोजण्याचें माप नायकाच्या मनांत असतें, त्याच्या सैन्याच्या संख्येंत नसतें. म्हणूनच शेअरमननें हजार डालेक आणले नाहींत. एकच आणला, आणि तोही जखमी व कैद झालेला.

दुसरी युक्ति याहून मौजेची आहे. ज्या ज्या गोष्टीला लोक हंसत होते, ती ती गोष्ट लेखकानें मुद्दाम पुढें आणिली व तिलाच भयाचें साधन केलें. यातना देणारा माणूस त्या रबरी हाताची टर उडवितो. त्याच हातानें त्याचा प्राण जातो. पळणारीं माणसें जिना चढून वर उभीं राहतात व खालच्या शत्रूला हिणवितात. तो शांतपणें अधांतरीं उचलला जाऊन वर येऊं लागतो. जाणत्या प्रेक्षकाचें हंसूं ओठांवरच थिजतें. टीकाकाराच्या आक्षेपाकडे पाठ न फिरवितां त्यालाच कथेंत जागा देणें, हें चांगल्या कारागिराचें लक्षण होय.

परंतु या कथेचें खरें मोल तिसऱ्या गोष्टींत आहे. कोठडींत डालेक शस्त्र रोखतो, पण तें चालत नाहीं. शत्रु निःशस्त्र आहे असें कळतांच डॉक्टरचें भय नाहींसें होतें, आणि त्याच्या जागीं निराळेंच कांहीं उभें राहतें. तो त्या बंदिवानाभोंवतीं फिरून त्याला खिजवितो. महायुद्धांत तुझी सारी जाति जळून गेली व ती मींच जाळली, असें सांगतो. त्याच युद्धांत डॉक्टरची स्वतःचीही सारी जाति नष्ट झाली आहे. म्हणजे हे दोघेही आपापल्या वंशांतील शेवटचे. एवढें बोलून तो कळ दाबतो व विजेच्या झटक्यांनीं त्या असहाय जीवाला मारूं पाहतो. आतां आपणच विचार करा. सांखळदंडांनीं बांधलेल्या जीवाचे हाल करणारा व्हॅन स्टॅटनचा नोकर आणि हा डॉक्टर, यांच्या कृतींत अंतर किती राहिलें?

उलट रोझला पूर्वीचें वैर ठाऊक नाहीं. तिला एक दुःखी प्राणी दिसतो, आणि ती कळवळून त्याला हात लावते. त्या स्पर्शांतून तिच्या शरीरांतील जीवनद्रव्य डालेकांत शिरतें. त्याला नवी शक्ति येते, आणि तो बंधनें तोडून सुटतो. पुढें सुमारें दोनशें माणसें त्याच्या हातून मरतात. येथें लेखकानें अप्रामाणिकपणा केला नाहीं. दयेला नेहमींच गोड फळ येतें, असें तो सांगत नाहीं. रोझच्या दयेची किंमत दुसऱ्यांनीं प्राणांनीं मोजली, हें तो आपल्या डोळ्यांपुढें ठेवतो.

पण त्याच स्पर्शानें दुसरेंही कांहीं घडतें. शक्तीबरोबर मानवी भावनेचा अंशही डालेकांत उतरतो. एकटा उरलेला तो सैनिक आज्ञेसाठीं व्याकूळ होतो, कारण आज्ञेवांचून जगणें त्याला ठाऊक नाहीं. डॉक्टर त्याला संतापानें सांगतो कीं तूं स्वतःच मरून जा. तेव्हां डालेक उत्तर देतो कीं तूं उत्तम डालेक झाला असतास. सबंध कथेंत याहून मोठा घाव नाहीं. डालेकाचें शस्त्र जें करूं शकलें नाहीं, तें या वाक्यानें केलें. कारण तें खरें होतें.

यापुढें दोघांचे मार्ग उलट दिशांनीं जातात. डालेक रोझला मारूं शकत नाहीं. तो वरच्या मजल्यावर जाऊन छताला भगदाड पाडतो, कवच उघडतो, आणि आंतील तो दुबळा जीव आयुष्यांत प्रथमच सूर्यप्रकाश अंगावर घेतो. इतक्यांत डॉक्टर भली मोठी बंदूक घेऊन येतो. रोझ मध्यें उभी राहते. हा शत्रु बदलतो आहे, पण तूं कशांत बदलतो आहेस, असें ती त्याला विचारते. बंदूक खालीं येते. डालेकाला मात्र हा बदल सोसवत नाहीं. शुद्धतेचा अभिमान हेंच ज्याचें जीवित, त्याला आपण अशुद्ध झालों ही जाणीव मरणाहून कठीण वाटते. तो रोझकडे मरणाची आज्ञा मागतो व स्वतःचा नाश करून घेतो.

कोणी म्हणेल, अशा रीतीनें दुष्टाविषयीं करुणा उत्पन्न करणें म्हणजे दुष्टपणास सौम्य रूप देणें नव्हे काय? आक्षेप योग्य आहे. पण या कथेला तो लागू पडत नाहीं. डालेकाचे अपराध येथें कमी करून सांगितलेले नाहींत, आणि त्याचें तत्त्वज्ञान कोठेंही क्षम्य ठरविलेलें नाहीं. दाखविलें आहे तें एवढेंच कीं, द्वेषाचा रोग ज्याशीं आपण लढतों त्याच्याकडून आपल्यालाच जडूं शकतो, व तो जडला हें आपणांस कळतही नाहीं. दुसरा कोणी, बहुधा आपल्याहून लहान व कमी अनुभवी, तें आपणांस दाखवून देतो.

हा धडा वायां गेला नाहीं, हें त्याच वर्षीं दिसून आलें. ता. १८ जून २००५ च्या अखेरच्या भागांत डालेक प्रचंड सैन्यानिशीं परत आले. त्यांचा समूळ नाश करणारें साधन डॉक्टरच्या हातीं होतें. पण त्यायोगें पृथ्वीवरील माणसेंही मेलीं असतीं. तूं घातकी कीं भित्रा, असें त्यास विचारण्यांत आलें. त्यानें भित्रा म्हणवून घेणें पत्करलें व कळ दाबली नाहीं. युटामधील कोठडींत ज्या हातानें कळ दाबली होती, तोच हात येथें आवरला गेला.

तात्पर्य, जुना शत्रु परत आणावयाचा असेल तर त्याला अधिक बलवान करणें पुरेसें नाहीं. नायकाच्या अंतःकरणांतील जी गोष्ट दुसऱ्या कोणाही शत्रूला उघडी पाडतां आली नसती, ती त्यानें उघडी पाडली पाहिजे. विद्यार्थिमित्रांनो, आपल्याही आयुष्यांत जुनीं भांडणें परत येतात. त्या वेळीं समोरचा किती बदलला हें आपण बारकाईनें पाहतों. आपण स्वतः काय झालों आहों, हेंही पाहावें.

विचारासाठीं प्रश्न

१. एकच डालेक आणल्यानें कथेचा परिणाम वाढला कीं घटला? कारणें द्या.
२. रोझची दया योग्य होती काय? दोनशें माणसांचे मृत्यु लक्षांत घेऊन उत्तर द्या.
३. डालेकाच्या मरणास शिक्षा म्हणावें, सुटका म्हणावी, कीं स्वतःच्या अभिमानाचा शेवटचा विजय म्हणावा?
४. आपण वाचलेल्या एखाद्या मराठी कथेंतील खलपुरुष पुन्हां आणावयाचा झाल्यास नायकाची कोणती परीक्षा घ्याल?