फेरफार जपून ने

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल ताईचा फोन आला. तुमच्या टीमचा सगळा कोड शनिवार-रविवारी सबव्हर्जनवरून गिटवर हलवायचा आहे, काम तुझ्याकडे आहे, आणि तू म्हणालीस, ‘जुनी हिस्टरी कशाला? ताजा कोड तेवढा नेते.’ हे खरं असेल तर मला मुळीच पटलेलं नाही.

अण्णांच्या शेताचा दावा आठव. सातबारा दोन्ही पक्षांकडे होता. निकाल फिरला तो जुन्या फेरफारांवर. कोडचंही तसंच. ओळ काय करते ते कोड सांगतो. ती का आली, ते जुन्या कमिटलाच ठाऊक.

वेळ नाही म्हणू नकोस. जीसीसी कंपायलरचा पसारा एवढा, की त्याच्यासाठी एरिक रेमंड यांनी रिपोसर्जन हे हिस्टरी हलवायचं साधन पायथॉनमधून गो भाषेत नव्यानं उतरवलं. जानेवारी २०२० मध्ये जीसीसीची मंडळी गिटवर आली, तीही हिस्टरी घेऊनच.

आधी ऑथर्स फाइल कर. सबव्हर्जनमध्ये नुसतं युजरनेम असतं, गिटला नाव आणि ईमेल लागतो. नोकरी सोडून गेलेल्यांचीही नावं शोध, त्यांची मेहनत आहे ती. गिट-एसव्हीएन प्रत्येक कमिट मेसेजखाली एक आयडीची ओळ लिहितं, तीत जुना रिव्हिजन नंबर असतो. मेसेज नीटनेटके दिसावेत म्हणून ती काढू नकोस. टॅग ब्रँच होऊन येतात, त्यांचे खरे टॅग कर. एकदा रंगीत तालीम कर, दोन्हीकडचा ट्रंक डिफ करून बघ. जुना सर्व्हर रीड-ओन्ली ठेव, पण हिस्टरी तिथेच सोडून येऊ नकोस.

तुझ्या वयाचा होतो तेव्हा आमच्याकडे ताजा कोडच नेला होता. पुढे व्याजाच्या हिशोबात एक विचित्र अट सापडली. ती का घातली, कुणालाच सांगता येईना. ज्यांनी लिहिली ते ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले होते. त्यांच्या घरी जाऊन बसावं, चार गोष्टी विचाराव्यात, असं फार मनात होतं. राहून गेलं, आणि ते गेले. ती रुखरुख अजून आहे. म्हणूनच हिस्टरी, हिस्टरी करतोय.

रागावलो, मनाला लावून घेऊ नकोस. एवढं जोखमीचं काम तुझ्यावर सोपवलं, हे ऐकून ऊर भरून आला. दोन दिवसांत नाही उरकलं तर तारीख पुढे ढकल, त्यात कमीपणा नाही. जेवणं चुकवू नकोस. मध्यरात्री अडलीस तरी बेलाशक फोन कर. कामाचं काही नसलं तरी कर.

तुझा,
मामा